माइक धरणारा

एरवी मी स्नोमोबाइलची इंजिनं खोलतो.
दार्याचं शूटिंग असलं की लांब काठीवर माइक धरतो,
कारण माझे हात लांब आहेत
आणि मी तिचा आतेभाऊ, म्हणजे फुकट.

हेलसिंकीत नोकरी होती तिला,
खिडकीतून ट्राम दिसायची म्हणे.
सोडून आली.
सेवेत्तियार्वीत लोकांनी विचारलं,
"बरं नाहीये का तुला?"
दुकानामागची मासे ठेवायची खोली आता तिचं ऑफिस:
एक टेबल, दोन हार्ड डिस्क,
आणि ऑगस्टपर्यंत न जाणारा वास.

उणे एकतीसला बॅटऱ्या मरतात.
दार्या त्या काखेत घेऊन हिंडते,
अंडी उबवल्यासारखी.

अनुदानाच्या अर्जात एक चौकोन असतो: प्रेक्षक कोण?
तिनं लिहिलं, ओक्सेनिया मावशी.
मग खोडून लिहिलं, जागतिक.
पैसे आले. अर्धे.

दक्षिणेतला निर्माता फोनवर म्हणाला,
आकाशातला तो हिरवा उजेड थोडा टाका की.
ती म्हणाली, त्या रात्री आम्ही खाली बघत होतो.

खरंच होतो.
तळ्याच्या बर्फाला पाडलेल्या भोकाशी बसून
ओक्सेनिया मावशी जाळ्याची एक गाठ सोडवत होती,
उघड्या बोटांनी, चाळीस मिनिटं,
आणि गाठीला आमच्या भाषेत शिव्या देत होती,
ज्या शिव्या आता जेमतेम तीनशे माणसांना लागतात.
माझ्या खांद्यांत गोळे आले.
दार्या 'कट' म्हणत नाही.
नाक ओढते, त्यावरून समजायचं.
त्या रात्री तिनं नाकसुद्धा ओढलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात शाळेच्या जिममध्ये चादर ताणली.
गप्प बसून कुणीच पाहिलं नाही.
तो कुत्रा कुणाचा, यावर भांडण.
जाळं असं धरतात का, यावर दुसरं.
माझी आई शेजारणीला सांगत होती,
माइक दिसत नाही, पण तो याच्या हातात आहे.

मग ओन्दरेइ उठला, टोपी काढून.
"मागे घे."
कुठवर?
"तो बघ, लांबवर, लाकडं ओढत जाणारा."

त्याचा भाऊ. हुओत्तर.
शरदातल्या पहिल्या पातळ बर्फातून खाली गेला तो.
इथं दोन सेकंद, पाठमोरा,
टोपीचा एक कान वर दुमडलेला.

दार्यानं मागे घेतलं.
पुन्हा घेतलं.
जिममध्ये आता फक्त हीटर वाजत होता.
सातव्या खेपेला मला त्याचा खोकला ऐकू आला.
मीच म्हणालो होतो, हा आवाज खराब झालाय, काप.
तिनं ठेवला होता.

बर्लिनहून पत्र आलंय, तिकीट एकाचंच.
दार्या म्हणते, बघू.
गुरुवारी ओन्दरेइकडे शूटिंग आहे,
त्यानं स्वतःहून बोलावलंय,
दाढी करून बसतो म्हणाला.
मी काठीला नवी टेप गुंडाळून ठेवलीय.