यंदाची गाणी, क्लॅरिनेटवरून

डिसेंबर संपत आला तसा पोपटरावनं टेम्पोत विषय काढला :
मास्तर, यंदाचं एक नंबर कोणतं?
पोपटराव साइड ड्रमवर असतो, त्याचं मत तयारच असतं.
मी म्हटलं, वही बघून सांगतो.

वही म्हणजे प्रज्ञाची जुनी, केमिस्ट्रीची,
उरलेल्या पानांवर मी सरगम उतरवतो.
गाण्यांची खरी नावं आम्हाला पाठ नसतात.
आमच्यात चालतं ते पिवळा गॉगल,
लिफ्टवालं, चुटकीवालं, आणि ते रडकं,
ज्यात ती बाई खिडकी पुसते.

चुटकीवालं आधी काढून टाका.
अख्खं गाणं सा रे गच्या पलीकडे जात नाही,
द्वारका सर्कलला अडकलेल्या एसटीसारखं
तिथंच हलतं, तिथंच फुरफुरतं.
एप्रिलात मागणी फार. जूनमध्ये कुणी विचारलं नाही.

लिफ्टवालं चांगलं, अंतऱ्यापर्यंत.
कोमल निषाद असा येतो
की ओठाखाली पत्ती आपण होऊन वळते.
आणि मग ऐन चढावर आठ मात्रा
नुसता धूर. काहीच नाही.
प्रज्ञा म्हणते, पप्पा, त्याला ड्रॉप म्हणतात, तिथंच तर मजा आहे.
असेल.
वरातीत तेवढ्या वेळात घोडी बिथरते.

पिवळा गॉगल मी यंदा एकसष्ट वेळा वाजवला.
मोजले, कारण राग होता.
गाणारा त्यात श्वास घेतच नाही.
मशीननं सगळे श्वास कापून
ओळीला ओळ शिवून टाकलीय, टाका दिसत नाही.
तो स्टुडिओत गारव्याला बसला असणार.
मी मालेगाव स्टँडच्या चढावर, जरीचा कोट घालून,
दम कुठं घ्यावा ते शोधत राहायचो.
कचरूकाका, युफोनियमवाले, म्हणायचे,
गाळा की एखादा सूर, कुणाला कळतंय.
मला कळायचं.

म्हणून माझं एक नंबर ते रडकं.
मुखड्याआधी त्या बाईचा श्वास ऐकू येतो,
कापायचा राहून गेला असेल कुणाकडून.
हुंदका वगैरे नाही,
दोन जिने चढून आल्यावर घेतो तसा.
वाजवताना तो मी मुद्दाम घेतो.
वर्षभरात कुणी मागितलं नाही, लग्नात कोण मागणार.
गणपतीत एकदा, ऑर्डर संपल्यावर,
आडगाव नाक्याला चहा येईपर्यंत वाजवलं.
घोडीवाला आसिफ म्हणाला, हे नवीन का जुनं?

इथं थांबलो असतो तर यादी सोपी होती.

पण मखमलाबादला, तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच तिथीला
जनरेटर बसला.
झुंबरं गेली, रितेशचा कीबोर्ड गेला, माइक गेला,
द्राक्षबागांवरून वारं,
आणि काळोखात मी एकटा चालू, मला कुठं वीज लागते.
चालू होता पिवळा गॉगल. अठ्ठावन्नावा.
तर लोक गायला लागले.
नवरीचे मामा, विझली झुंबरं डोक्यावर घेतलेल्या बाया,
फुगे विकणारं पोरगं,
सगळ्यांना शब्द येत होते.
जो तो दमला की थांबत होता,
दुसरा धरत होता,
ओळ वाटेल तिथं तुटत होती
आणि गाणं पडत नव्हतं.
मीही थांबलो मध्येच. चक्क खोकलो.
परत शिरायला जागा होती.

पोपटरावला हे सांगितलं नाही,
त्याचं एक नंबर पिवळा गॉगलच आहे,
उगाच मिरवेल.
वहीत मात्र तीनवरून दोनवर आणलं,
मग दोन खोडून दीड केलं.
प्रज्ञा म्हणाली, दीड नंबर असं काही नसतं.

पत्ती चिरलीय, मेनरोडवरून नवी आणायची आहे.
उद्या ओझरला दोन वराती,
आणि सकाळीच फोन येऊन गेला,
चुटकीवालं वाजवता का, म्हणून.