निदानाचा रकाना

दवाखान्याच्या रजिस्टरात
निदानाचा रकाना दोन बोटं रुंद.
रुंदी छापखान्याने ठरवलेली,
आजार त्यातच बसवायचा.

मी कंपाउंडर. अक्षर बरं, म्हणून लिहिणं माझ्याकडे.
पाटणकर डॉक्टर आतून सांगायचे, मी उतरवायचो:
आधी 'अंगावर पित्त',
मग काही वर्षं नुसतंच 'वावडे',
मग मुंबईहून एक जाड पुस्तक आलं
आणि अर्ध्या आचरा गावाला
एका पावसाळ्यात अ‍ॅलर्जी झाली.
लाल शाई जादा मागवावी लागली.

शेवंती कुबल, वय एकोणीस, नवी नवरी.
बांगड्याचं तिखलं जेवून तासाभरात
तोंड लालबुंद, डोकं ठणकतंय, अंगभर खाज.
मी लिहिलं: बांगडा अ‍ॅलर्जी. जन्मभर वर्ज्य.
खाली दोन रेघा.

एक्केचाळीस वर्षं ती बांगडा विकते.
वाटे लावते, उरलेला मीठ भरून सुकवते,
घरच्यांसाठी तिरफळं घालून रांधते,
आणि स्वतः सोलकढी-भात.

परवा नव्या डॉक्टरीणबाईंनी, मुकादमांनी,
तिच्या हातावर थेंब ठेवून सुई टोचली,
पंधरा मिनिटं घड्याळ बघत बसल्या.
काही उठलं नाही.
मग विचारलं, "तेव्हा होडीवर बर्फ असायचा?"

बर्फ मालवणहून यायचा. आला तर.
पाटीतला मासा दुपारपर्यंत उन्हात.

म्हणाल्या, तापलेल्या बांगड्यात विष धरतं,
शिजवून जात नाही, वासाला कळेलच असं नाही,
दिसतं मात्र हुबेहूब अ‍ॅलर्जी.
हल्ली त्याला वेगळं नाव आहे.
त्या जेवणाला आणखी कोणाला त्रास झालेला?

मी माळ्यावरून जुनं रजिस्टर काढलं.
तिच्या वरचीच ओळ:
यशवंत कुबल, दीर, वय चोवीस.
तीच तारीख, तीच खाज, माझंच अक्षर.
निदान: उष्णता. काळी शाई.

शेवंती पानावर वाकली. चौथीपर्यंत शिकलीय.
"मगे नाव माज्याच आंगाक कित्याक ठेवलास?"

पाटणकर वारले त्याला बारा वर्षं झाली.
मी लाल रेघांच्या बाजूला नवं नाव लिहिलं,
मावेना, रकान्याबाहेर गेलं.
पेन्सिलीने लिहिलं. तिने ते पाहिलं,
काही बोलली नाही.

आज पहाटे बंदरावर दिसली.
मनगटापर्यंत हात बर्फात घालून
एकेकाचे कल्ले उचलत होती.
एवढा वेळ ती विकायच्या मालाला लावत नाही.
चार घेतले.
पाचवा हातात धरला, परत ठेवला.