पंचविसाहून अधिक

कायद्यातला शब्द आहे: अधिक.
पंचवीस नव्हे. पंचविसाहून अधिक
गाड्या ज्याच्या एकट्याच्या नावावर,
त्यानं विमा कंपनीचं दार नाही वाजवलं तरी चालतं.
आपली हमी आपणच घ्यावी,
टोपीकाच्या कचेरीतून तसा दाखला आणावा
आणि भिंतीवर लावावा.

तौफीक शाहीनच्या भिंतीवर तो आहे,
कॉफीच्या वाफेनं एका कोपऱ्यात फुगलेला,
विचिटाच्या दक्षिणेला, टॅक्सींच्या आवारात,
जिथं मी सतरा वर्षं हिशेब लिहिते.
(मी लोर्ना फोथ. आमच्या घरी विमा उतरवणं म्हणजे
देवावर अविश्वास. आजोबा म्हणायचे,
कोठार जळालं तर शेजारी उभं करतील.
करायचेही.
पण आजोबांचं कोठार कुणाच्या अंगावर जात नव्हतं.)

गाड्या सव्वीस.
म्हणजे धावत्या पंचवीस.
सव्विसावीचं इंजिन नऊ नंबरला बसवलं त्याला जमाना झाला.
ती मागच्या कुंपणाशी विटांवर उभी,
बॉनेटखाली मांजरीची तिसरी पिढी,
मागच्या सीटवर जुना पेपर अंथरून
तौफीकची आई पुदिना वाळत घालते.
पण नोंदणी चालू.
दरवर्षी शुल्क, दरवर्षी नंबरपाटीवर नवा स्टिकर,
जुन्यावर नवा, त्यावर नवा,
आता पायाच्या नखाएवढा जाड.
“अंथरुणाला खिळलेलं माणूस
खानेसुमारीतून गाळतात का?” तौफीक विचारतो.

फेब्रुवारीत, रस्त्यावर काळा बर्फ होता तेव्हा,
चौदा नंबर घसरली.
शाळेच्या नाक्यावर पोरांना रस्ता ओलांडून देणारी
ओडेसा टिब्स, वय एकोणसत्तर.
हातातली ‘थांबा’ची पाटी आधी पडली, मग ती.
खुबा मोडला.

इतरांचं असं झालं की एक फोन नंबर असतो,
नंबरामागे संगीत, संगीतामागे एक तरुण आवाज,
जो नाव विचारतो, स्पेलिंग विचारतो.
आमचा नंबर तोच, ज्यावर टॅक्सी मागवतात.
मीच उचलला.

तौफीक इस्पितळात गेला, टोपी हातात धरून.
कंपनीचा माणूस कधी यायचाय, ती म्हणाली.
“आलाय.”
मग त्याच्या साहेबाला बोलाव.
“तोही आलाय.”
ती हसली, हसताना कळ गेली,
आणि मग तिनं त्याला जे काही सुनावलं
ते तो उभ्यानं ऐकत राहिला.
परत आल्यावर एवढंच म्हणाला,
“लोक हप्ते भरतात ना लोर्ना,
ते बहुतेक याचेच.”

निकाल अंतिम झाल्यापासून तीस दिवस.
त्यात रक्कम नाही दिली तर दाखला जाऊ शकतो.
राखीव खात्यात होतं त्याच्या दुप्पट हवं होतं.
मी कागदावर गाड्या विकून पाहिल्या:
एक विकली की उरतात पंचवीस.
पंचवीस म्हणजे अधिक नाही.
शून्य मैल धावणारी ती एक
आणि तिच्या पलीकडे गळा.

त्यानं घर विकलं.
विटांचं, अंगणात तुतीचं झाड असलेलं.
आई मुलीकडे टल्साला गेली,
जाताना चाळणी विसरली की ठेवून गेली, कळलं नाही.
तौफीक कचेरीतच झोपतो, दाखल्याखाली.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी चेक लिहिला.
तो देऊन यायला त्यानं चौदा नंबरच नेली, स्वतः चालवत.
ओडेसानं चष्मा लावून रक्कम दोनदा वाचली,
दारातूनच घेतला, आत ये म्हणाली नाही.
पण गाडीपर्यंत वॉकर टेकत आली
आणि पुढचा पोचा आलेला दिवा बघून म्हणाली,
हा बदल, पोरांना नीट दिसत नाही.

दिव्याचे एकशे दहा डॉलर. ते दुरुस्तीत लिहिले.
सवयीनं त्यानं मीटर पाडला होता,
जाऊन येऊन बावीस डॉलर ऐंशी.
ते त्यानं खिशातून काढून माझ्या टेबलावर ठेवले.
कुठल्या रकान्यात घालायचे,
अजून ठरत नाही.