आडवी

पहिले नऊ दिवस ती फक्त कपाटामागचा अंधार होती.
रात्री बशी भरायची, सकाळी रिकामी.
मधे काय झालं ते फरशीला ठाऊक.
शमशाद म्हणाली, मांजर आणलंय का भाडेकरू?

पिंजरा घेऊन आलेल्या प्रांजलनं सांगितलं होतं,
हाक मारू नका काका, हात पुढं करू नका,
डोळ्यात डोळे घालू नका.
एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस मी,
सुताचा फरक बोटानं ओळखणारा.
मला म्हणाली, काहीच करू नका.
एवढं अवघड काम आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

शिरोलीची फौंड्री बंद पडली तेव्हा
मशिनं कराडच्या पार्टीनं नेली,
पत्रा भंगारात गेला,
माणसं उद्यमनगरात इकडं तिकडं लागली.
ही भट्टीमागं राहिली.
कानाचं टोक ऑपरेशनवाल्यांनी कापलेलं,
हिशेबाची तेवढीच पावती तिच्याकडं.

ट्रेमध्ये नदीची वाळू टाकली, चाळून, स्वच्छ.
तिनं शमशादची चटई पसंत केली. दोनदा.
मग जुन्या वॉचमनला गाठून
अर्धं पोतं काळी रेती आणली मोल्डिंगची,
जळक्या लोखंडाच्या वासाची.
त्याच रात्री खरखर ऐकू आली.
ती परत कपाटामागं गेली,
त्या वासात मीच बराच वेळ जागा राहिलो.

शमशादनं कुकर माळ्यावर टाकला.
डाळ पातेल्यात, शिजेल तेव्हा शिजेल.
सुकटीचं एक बोटूक, आणि बशी
रोज एक फरशी अलीकडं.
कपाटापासून दारापर्यंत अकरा फरश्या.
सातवीवर आली तेव्हा आकडा तोंडातून काढला नाही.
दृष्ट लागते.

मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात.
ही टक्क उघड्या डोळ्यांनी पिते,
अख्खा कान दाराकडं, कापलेला माझ्याकडं.
डोळे मी मिटतो.

रविवारी पेठेची टीम फायनल जिंकली.
पुंगळ्या काढलेल्या गाड्या, हलगी,
आणि दहा हजारांची माळ आमच्याच बोळाच्या तोंडाला.
सात फरश्या एका झेपेत गेल्या.
मी तावातावानं बाहेर पडलो,
काही बोलायच्या आत पोरांनी गुलाल फासला,
जिंकलो की वं, दस्तगीरमामा!
त्यांना काय सांगणार होतो.
तोंड लाल करून घरात आलो
आणि बशी पहिल्या फरशीवर ठेवली.

शेजारच्या कमळाक्का दारातून बघत होत्या.
मांजर माणसाला धरत नसतंय वं, घराला धरतंय,
आणि हिचं घर तर कवाच भंगारात गेलंय.
मी काही बोललो नाही.
रेतीतले खडे वेचत बसलो होतो.

आज सकाळी डबा घेतला, चप्पल घातली,
कडीला हात घालणार
एवढ्यात कपाटामागून निघाली,
पोट जमिनीला, शेपूट खाली,
आणि माझ्यापुढून मोरीकडं गेली.
पळाली नाही. चालत गेली.
आडवी. सरळ आडवी.

शमशादनं बघितलं. मी बघितलं.
मांजर आडवं गेलं की थांबावं,
घोटभर पाणी प्यावं, घटकाभर टेकावं, मग निघावं.
आमच्यात हे मानत नाहीत.

मी चप्पल काढली.
शमशादनं न सांगता पाणी आणून दिलं.
मोरीत नळाचा थेंब पडत होता
आणि ती मान वर करून
पुढच्या थेंबाची वाट बघत होती.

साडेआठ झाले. पावणेनऊ झाले.
मालकाचा फोन थरथरला तसा पटकन उचलला
आणि तोंडावर हात धरून कुजबुजलो,
येतो, येतो,
जरा मांजर आडवं गेलंय.