मांडव

पावणेएकला फोन वाजतो.
“ताई, सौरचे वीस मेगावॅट उतरवा, लाईन तापलीय.”
मी उतरवते. लॉगबुकात लिहिते :
ऊन होतं, वाट नव्हती.
साहेब म्हणतात, असं लिहायचं नसतं.

परवा नाशिकला, कलेक्टर कचेरीत,
नकाशाचे कोपरे चहाच्या कपांनी दाबलेले.
पगारे मॅडमनी पेन बाजूला सारून पेन्सिल मागितली.
“प्लांट दोन वर्षांत उभा राहतो, टॉवरांची रांग सहा घेते.
म्हणून तार आधी.”
“पण एवढी वीज येणार कुठून?” कुणीतरी खाकरलं.
त्या दिंडोरीच्या. म्हणाल्या,
“मांडव वेलाच्या आधीच घालतात ना हो?”
कुणी बोललं नाही.
पेन्सिल सिन्नरहून निघाली,
बागांमधून अंग चोरत,
एका विहिरीपाशी थबकली.
“कुणाची?” त्यांनी विचारलं.
तलाठ्याने नाव सांगितलं. रेघ वळली.

फाइल अजून मुंबईत आहे.

आज पुन्हा पावणेएक, पुन्हा वीस.
कंट्रोल रूमच्या गच्चीवर
ऑपरेटरच्या बायकोने कुरडया घातल्यात.
त्या तेवढ्या वाळतायत,
कुणाची मंजुरी न घेता.