रंग न धरणाऱ्या

साखर पेठेत दुपारी दोनला
डांबर चप्पल सोडत नाही,
आणि माझ्या लॅबमध्ये मेणाचा ठोकळा
बर्फावर निजवल्याशिवाय
पात्याला उभा राहत नाही.

डबा क्रमांक चारशे बारा. डावं मूत्रपिंड.
लिंगय्या सिद्राम कुडक्याल, वय चोपन्न.
व्यवसायाचा रकाना सहसा कोराच येतो,
इथे कुणीतरी लिहिलं होतं : रंगमास्तर, डाय हाऊस.

सुरीनं उघडलं तर गाठ पिवळी निघाली नाही.
नेहमीची असते ती पिवळी, मधे रक्ताचे डाग.
ही दूध जास्त झालेल्या चहासारखी,
कडा नीट,
फडक्यात बांधून ठेवल्यासारखी.
घरी फोन केला : उशीर होईल.

इमामसाबनं चार मायक्रॉनचे पापुद्रे
कोमट पाण्यावर सायीसारखे सोडले,
काचेवर घेतले, निळ्यात बुडवले, मग गुलाबीत.
आजूबाजूच्या नळ्या रंगून निघाल्या
आणि या पेशी
हात मागे बांधून उभ्या. फिकट.
भिंती जाड, ज्वारीच्या ताटाचा आडवा काप जणू.
केंद्रक मनुकेसारखं आक्रसलेलं
आणि त्याच्याभोवती थोडी कोरी जागा,
कुणी शिवू नये म्हणून राखलेली.

पुस्तकात यांना रंगाला भिणाऱ्या म्हणतात.
एकवीस वर्षांत माझ्याकडे चार वेळा आल्या.
त्यातल्या एकदा मी त्यांना
त्यांची निरुपद्रवी चुलत बहीण समजले होते.
तो कागद अजून खणात आहे, वरच ठेवते.

म्हणून सही केली नाही.
लोहाचा निळा रंग चढवला. तो मात्र
त्यांनी मुकाट घेतला.
तरी ठोकळा रात्रीच्या बसनं पुण्याला पाठवला.

पाच दिवस त्याची मुलगी श्रीलता येत राहिली,
दारातूनच मान उडवायची : आलं?
आणि जिना उतरताना
फोनवर तेलुगूत काहीतरी हळू सांगायची.
सहाव्या दिवशी तो स्वतः आला.
पोटाला पट्टा. नखांच्या कडेला अजून निळं.

मी सांगितलं. कॅन्सर आहे. क्वचित दिसणारा.
त्यातल्या त्यात सावकाश चालणारा.
सगळा निघालाय असं दिसतंय, तरी तपासत राहायचं.
तो म्हणाला, बघू द्या की.

भिंगाला डोळा लावून बराच वेळ बसला.
पंखा फिरत होता.
"बाकी समद्यांनी धरलाय की ओ म्याडम,
ह्येनीच घेतला नाही.
मीठ कमी पडलं असंल."

इमामसाब हसला, आणि मग काचा पुसायला लागला.

मी दुसरी काच सरकवली, निळी.
"हां. हा चढलाय."
आणि मग, ताग्याबद्दल विचारावं तसं,
"पक्का?"
म्हटलं, पक्का.

त्यानं रिपोर्ट घेतला. वाचला नाही.
कागदाचा कोपरा अंगठ्यानं चोळून पाहिला,
बोट उजेडाला धरलं,
आणि मुलीच्या हातात दिला.