पाठ

मायनराड डुररचा चेहरा कसा होता विचाराल
तर मला नीट सांगता येणार नाही.
पाठ मात्र तोंडपाठ आहे:
डाव्या खांद्याखाली लसणाच्या पाकळीएवढा डाग,
मणक्यांची माळ तिसऱ्या मण्यापाशी किंचित वाकडी,
आणि थकला की मानेवर उमटणारा लाल पट्टा,
जो फक्त मला दिसायचा,
ज्याबद्दल मी प्रशिक्षकालाही कधी बोललो नाही.

मी त्याचा पाठचा भाऊ.
होडीतही पाठचाच.
दोघांची तोंडं सोडून आलेल्या काठाकडे.
कुठे जायचं ते मान वळवून बघणं माझं काम,
किती जोरात, ते त्याचं.
"मोकळं आहे," मी म्हणायचो. तो ओढायचा.

पहाटे साडेचारला सार्नेनच्या तळ्यावर
वल्ह्यावरून उडालेला थेंब चावायचा.
पलीकडे बाबांच्या लाकूडगिरणीत
जुनी करवत मागे-पुढे सुरू व्हायची.
तिच्यावर आम्ही ठेका धरायचो.
"आज ओंडका ओला दिसतोय,
चोवीसच ठेव," मायनराड म्हणायचा.
घरी आई आमच्या तळहातांवर हरणाची चरबी चोळायची
आणि विचारायची, एवढं करून
परत याच काठाला येता ना?

पोझनानला आडवा वारा, पाचवे.
गेंटच्या कालव्यावर चौथे.
चौथ्याचा फोटोत कोपर येतो.

अकराव्या वर्षी, मार्चमध्ये, माझी बरगडी तडकली.
आवाज नाही झाला. मी आणखी तीस फटके मारले.
तो वळला नाही,
फक्त ठेका हळूहळू उतरवत नेला,
करवत बंद करताना बाबा उतरवायचे तसा,
आणि काठाला लागेपर्यंत एकटाच ओढत राहिला.

पुढे नाव झालं ते त्याचं.
नाव दोघांची होती, ती वरच्या फळीवर गेली.
कोळ्यांनी तिच्यात संसार मांडला.

ल्युसर्नला, रोटझेच्या पाण्यावर, विश्वविजेतेपदाची फायनल.
मी स्वयंसेवक.
सुरुवातीच्या तराफ्यावर पालथं पडायचं
आणि दिवा हिरवा होईपर्यंत होडीचं शेपूट धरून ठेवायचं.
चौथी लेन मला लागली नव्हती;
एका पोराला दोन सॉसेज देऊन ती मी मिळवली.

तो आला. बसला. माझ्याकडे तोंड करून.

ओठ कोरडे. उजवी पापणी फडफडत होती,
आईची फडफडायची तशी, बाबांना यायला उशीर झाला की.
तो घाबरला होता.
अकरा वर्षांत त्याच्या पाठीनं
हे मला एकदाही कळू दिलं नव्हतं.

"वेळेवर सोडशील ना?" एवढंच म्हणाला.

सोडलं.
चेहरा लहान होत गेला, ताटाएवढा, बशीएवढा,
मग पाण्यावर चकाकणारं एक नाणं.
दोन हजार मीटर पलीकडची बातमी तराफ्यापर्यंत
उशिरा पोचते. आधी घंटा ऐकू आल्या,
मग लाउडस्पीकरवर आमचं आडनाव.
मी पालथाच होतो, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात,
अजून काहीतरी धरल्यासारखे.

नंतर आणखी दोन सुवर्णं, एक कांस्य,
सेव्हिलला एकदा चक्क शेवटचा.
गावानं बँड लावला, तळ्याकाठी बाक बसवला,
बाकावरच्या नावात एक 'र' कमी.
त्यानं तो दुरुस्त करू दिला नाही.
"तेवढंच कमी ओढायचं," म्हणाला.

गेल्या हिवाळ्यात पाठीत दोन स्क्रू बसवले.
ओंडके आता मी उचलतो, तो पाती घासतो.
शनिवारी मी त्याला मलम लावतो.
तिसरा मणी सरळ झालाय;
त्या जागी येऊन बोटं दर वेळी चुकतात.

खिडकीकडे तोंड करून बसलेला असतो.
"काय दिसतंय?" न वळता विचारतो.

मी मान वळवून बघतो.
मागे दार आहे, कोट आहे, जिना आहे.

"मोकळं आहे," मी म्हणतो.